कार्ड, पॉलिसी की सरकारी दवाखाना? : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

या वेळच्या पत्रांत एकच विषय फिरून फिरून आला: आजारपणाचा खर्च कोणाच्या भरवशावर काढायचा? सरकारी योजनेच्या, विमा कंपनीच्या, की सरळ सरकारी दवाखान्याच्या? विम्याचे दावे हाताळणारे आणि रुग्णालयाच्या कामकाजातले जाणकार यांनी मिळून दिलेली ही उत्तरे. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : पाच एकर कोरडवाहू शेती आहे. केशरी रेशनकार्ड आहे, घरी आम्ही पाच जण. एजंट दर आठ दिवसांनी येतो आणि ५ लाखांची फॅमिली पॉलिसी घ्या म्हणतो. सरकारी योजनेतही ५ लाखच सांगितल्या जाते. मग दोन्ही कशाला? 
— एक कास्तकार, दारव्हा तालुका

उत्तर : दोन्ही ठिकाणी आकडा ५ लाखांचा असला तरी आतला माल वेगळा आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत योजना महाराष्ट्रात एकत्र राबवल्या जातात. जुलै २०२४ पासून दोन्हींत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही त्यात घेतलं आहे. हप्ता नाही, वयाची अट नाही आणि आधीपासून असलेल्या आजाराला थांबावंही लागत नाही. आज कार्ड निघालं आणि उद्या हृदयात स्टेंट टाकायची वेळ आली, तरी चालतं. खासगी पॉलिसीत हे होत नाही. तिथे पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीच मिळत नाही. हर्निया, मोतीबिंदू, गर्भाशय काढणं अशा ठरावीक शस्त्रक्रियांना बहुतेक पॉलिसींत २४ महिने थांबावं लागतं. आधीच्या आजारांना जास्तीत जास्त ३६ महिने. एप्रिल २०२४ पूर्वी ही मर्यादा ४८ महिने होती.

योजनेची दुसरी बाजूही पाहा. ती फक्त यादीतल्या उपचारांना आणि फक्त अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयांत चालते. २०२३ च्या शासन निर्णयात १,३५६ उपचार होते, पुढे यादी वाढली. भरती न होता केलेली तपासणी, दर महिन्याच्या गोळ्या, बाहेरून काढलेला एक्स-रे हे तिच्यात बसत नाही. शिवाय योजना पूर्णपणे कॅशलेस आहे. आधी पैसे भरले आणि मग बिल घेऊन गेलात, तर परत मिळत नाहीत. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात.

तुमच्यासाठी क्रम असा लावा. आधी घरातल्या पाचही जणांची आयुष्मान कार्डं काढा. आशाताईकडे किंवा सेवा केंद्रात निघतात, पैसे लागत नाहीत. रेशनकार्ड ऑनलाइन आहे का, १२ अंकी क्रमांक आला आहे का आणि सुनेचं व लहान पोराचं नाव त्यात चढलं आहे का, हे आजच पाहा. भरतीच्या रात्री तहसील उघडं नसतं. त्यानंतर ज्याच्या नावाने बँक खातं आहे, त्याचा वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा चालू ठेवा. अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात, वय १८ ते ७० लागतं.

एवढं झाल्यावर हाती पैसा उरत असेल तर खासगी पॉलिसीचा विचार करा, आणि तोही दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्यावर. अडचणीत तुम्ही खरोखर ज्या रुग्णालयात जाल ते योजनेत आहे का? असेल तर पॉलिसीची घाई नाही. दुसरा प्रश्न: सलग चार-पाच वर्षं हप्ता भरणं जमेल का? पॉलिसीची खरी किंमत तिसऱ्या वर्षानंतर, म्हणजे थांबण्याच्या मुदती संपल्यावर, वसूल होते. दोन वर्षं भरून नापिकीच्या साली सोडून दिली, तर ते पैसे गेले.

घेणारच असाल तर सुरुवातीची तारीख नोव्हेंबर-डिसेंबरमधली ठेवा. पॉलिसी ज्या महिन्यात घेतो त्याच महिन्यात दरवर्षी नूतनीकरण येतं. एजंटाचं टार्गेट मार्चमध्ये असतं आणि तुमचा हात मोकळा असतो तो सोयाबीन-कापूस विकल्यावर. जूनमध्ये बियाणं आणि हप्ता एकदम आले तर हप्ता मागे पडतो, हे सांगायला नको. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते. तेवढ्यात भरला तर आधीची वर्षं मोजली जातात, पण मधल्या दिवसांतल्या आजारपणाचा खर्च मिळत नाही.

आणि एजंट १० लाखांची पॉलिसी अगदी स्वस्तात देत असेल तर कागदावर 'डिडक्टिबल' शब्द शोधा. तिथे ३ लाख लिहिले असतील तर पहिल्या ३ लाखांपर्यंत कंपनी एक रुपया देणार नाही. तुमच्या कामाची वस्तू ती नव्हे.

प्रश्न : भावाला रात्री शहरातल्या खासगी दवाखान्यात नेलं. बाहेर योजनेचा बोर्ड होता. आत गेल्यावर 'हे योजनेत बसत नाही' म्हणाले आणि ४० हजार भरून घेतले. पावती साध्या कागदावर दिली. पुढच्या वेळी काय करायचं? आताचे पैसे मिळतील का? 
— एक वाचक, पुसद

उत्तर : 'बसत नाही' या दोन शब्दांमागे चार वेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं आहे.

रुग्णालय योजनेत आहे, पण त्या विशेष शाखेसाठी नाही, असं पुष्कळदा असतं. बोर्ड हाडांच्या शस्त्रक्रियांचा, रुग्ण हृदयविकाराचा. दुसरी शक्यता अशी की काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. ते खासगीत योजनेतून होतच नाहीत. तिसरी, तो उपचार यादीतच नाही. ही तिन्ही कारणं खरी असू शकतात, अशा वेळी वाद घालण्यात रात्र न घालवता रुग्ण हलवावा. चौथं कारण मात्र वेगळं. उपचार यादीत आहे, रुग्णालय त्या शाखेसाठी अंगीकृत आहे, पण पॅकेजचा, म्हणजे योजनेने त्या उपचाराला ठरवलेला, दर परवडत नाही किंवा मागची बिलं अडकली आहेत म्हणून तोंडी नकार. ही रुग्णालयांची तक्रार पूर्णपणे खोटी नाही. दर कमी आहेत आणि पैसे उशिरा येतात हे त्या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते भांडण रुग्णालयाचं आणि सरकारचं आहे, त्याची वसुली रुग्णाकडून करता येत नाही.

चारपैकी कोणतं कारण आहे हे ओळखायचा मार्ग म्हणजे आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयात बसणारा योजनेचा माणूस. प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात त्याचं टेबल असतं. रुग्ण आत गेला की घरातल्या एकाने बिलिंगच्या खिडकीवर न जाता आधी तिथे जायचं. मूळ रेशनकार्ड आणि रुग्णाचं आधार दाखवायचं, नोंदणी करून घ्यायची आणि विचारायचं, 'डॉक्टरांनी कोणता उपचार सांगितला, त्याचा योजनेतला कोड कोणता?' यादीत असेल तर त्याला कोड असतोच. कोड सांगितला तर पुढचा प्रश्न: 'मंजुरीला पाठवलं का?' नकार असेल तर लेखी मागा. लेखी मागितल्यावर पुष्कळ वेळा बोलण्याचा सूर बदलतो.

रात्री कागद जवळ नसले तरी तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून प्राथमिक मंजुरी घेण्याची सोय योजनेत आहे, ती आरोग्यमित्राकरवी होते. आधारवर 'विठ्ठल' आणि रेशनकार्डावर 'विठल' असा फरक असेल तर नोंदणी अडते. मोठ्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली असेल तर हे आधीच दुरुस्त करून ठेवा.

मंजुरी येण्याआधी 'सध्या भरा, योजनेतून आले की परत देऊ' असं कोणी म्हटलं तर भरू नका. मंजुरी आल्यावर बेड, शस्त्रक्रिया, औषधं, तपासण्या, रुग्णाचं जेवण आणि घरी परतण्याचं भाडं हे सगळं पॅकेजमध्ये असतं. इंजेक्शन बाहेरून आणायला लावलं तर मेडिकल स्टोअरचं पक्कं बिल रुग्णाच्या नावाने घ्या. तक्रारीत तेच कामी येतं.

आता तुमच्या ४० हजारांचं. भावाची नोंदणी योजनेत झाली होती का, हे आधी शोधा. झाली असेल आणि तरी पैसे घेतले असतील तर ती बेकायदा वसुली आहे. १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा नंबर घ्या, मग योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडे लेखी अर्ज द्या. तिथे हललं नाही तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली तक्रार निवारण समिती असते. नोंदणीच झाली नसेल, तर साध्या कागदाच्या पावतीवर पैसे परत मिळण्याची आशा फार कमी आहे.

आणखी एक दार लोक विसरतात. रुग्णालय धर्मादाय न्यासाचं असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवणं त्याला बंधनकारक आहे. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांना वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बल घटकांना ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. योजनेत न बसणाऱ्या आजाराला हा मार्ग विशेष उपयोगी पडतो.

प्रश्न : १ लाखाची 'आरोग्य संजीवनी' पॉलिसी होती. पाच दिवस भरती, बिल ८० हजार. हाती ४९,४०० रुपये आले. विमा लाखाचा असताना ३० हजार कुठे गेले? 
— एक दुकानदार, चिखली

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या बिलावरून हिशेब लागतो. खोलीने तुम्हाला गाठलं.

या पॉलिसीत खोलीचं भाडं विमा रकमेच्या २ टक्के, जास्तीत जास्त ५ हजार रुपये रोज, इतकंच धरतात. १ लाखाला २ हजार. तुम्ही ४ हजारांची खोली घेतली, म्हणजे हक्काच्या दुप्पट. मग कंपनी नुसतं खोलीचं भाडंच अर्धं करत नाही. खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलणारे खर्च, म्हणजे सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, हेही त्याच प्रमाणात अर्धे करते. तुमच्या खोलीचे २० हजार झाले, त्यातले १० हजार मंजूर. सर्जन-थिएटरचे ३६ हजार, त्यातले १८ हजार मंजूर. औषधं आणि तपासण्या २४ हजार, त्या पूर्ण मंजूर. बेरीज ५२ हजार. या पॉलिसीत ५ टक्के वाटा रुग्णाचा असतो, ते २,६०० गेले. उरले ४९,४००.

२ हजारांची खोली घेतली असती तर १० हजार, ३६ हजार आणि २४ हजार मिळून ७० हजार मंजूर झाले असते. ५ टक्के वजा जाऊन ६६,५०० कंपनीने दिले असते आणि तुमच्या खिशातून ३,५०० गेले असते. दिवसाला २ हजार जास्तीच्या खोलीने प्रत्यक्षात २७ हजारांचा फटका दिला.

तेव्हा कंपनीने लुटलं असं म्हणता येत नाही. औषधं, तपासण्या, शरीरात बसवलेला रॉड किंवा लेन्स आणि अतिदक्षता विभाग यांना ही प्रमाणातली कपात लावता येत नाही. तुमच्या हिशेबात औषधं-तपासण्यांना ती लावलेली दिसत नाही. ज्यांच्या बाबतीत लावली असेल त्यांनी आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहावं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. विदर्भाचं काम पुण्याच्या कार्यालयाकडे आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात. कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे.

प्रश्न : बाबांना बीपी आणि शुगर आहे. फॉर्मवर 'नाही' लिहा, कोणी पाहत नाही, असं एजंट म्हणतो. 
— एक वाचक, मूर्तिजापूर

उत्तर : पाहतात. फॉर्म भरताना नाही, दावा आल्यावर. रुग्णालयाच्या केसपेपरवर पहिल्याच दिवशी डॉक्टर लिहितात, 'दहा वर्षांपासून मधुमेह'. ती एक ओळ दावा फेटाळायला पुरते, वर पॉलिसीही रद्द होऊ शकते. खरं लिहिलं तर हप्ता थोडा चढेल, तीन वर्षं थांबावं लागेल, पण पुढे हक्क पक्का. सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर कंपनीला जुन्या माहितीवरून दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर मात्र येतो. 'नाही' लिहिणं त्या फसवणुकीतच मोडू शकतं. एजंटाचं कमिशन तर पहिल्याच हप्त्याला सुटलेलं असतं.

प्रश्न : कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत विषय आहे: 'सर्वांना मोफत सरकारी आरोग्यसेवा हवी की खासगी आरोग्य विमा'. दोन्ही बाजूंचे मुद्दे हवेत, आणि तुमचं मतही. 
— एक विद्यार्थिनी, हिंगणघाट

उत्तर : तुमच्या गावापासून तासाभरावर या वादाचं एक जुनं उत्तर आहे, तिथून सुरुवात करा.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आसपासच्या खेड्यांत जवार योजना सुरू केली. डॉ. उल्हास जाजू यांचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. पीक हाती आलं की प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे जवारी द्यायची. मोठ्या कास्तकाराने जास्त, भूमिहीन मजुराने थोडी. त्या बदल्यात गावात आरोग्यसेवक आणि रुग्णालयात मोफत किंवा सवलतीचे उपचार. अट अशी की गावातली सुमारे तीनचतुर्थांश घरं सामील झाली तरच गाव योजनेत.

ही अट नीट समजून घ्या, विम्याचं सगळं गणित तिच्यात आहे. सामील होणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलं तर ज्यांच्या घरी दुखणं आहे तेच येतात. मग खर्च वाढतो, हप्ता चढतो, धडधाकट माणसं बाहेर पडतात, हप्ता आणखी चढतो. खासगी कंपनी हे टाळायला थांबण्याच्या मुदती, वयानुसार हप्ता आणि आधीच्या आजारांच्या अटी लावते. त्या अटी दुष्टपणाच्या नाहीत, ऐच्छिक विमा त्यांच्याशिवाय चालतच नाही. पण परिणाम असा की ज्याला गरज जास्त, त्यालाच विमा महाग किंवा बंद. सेवाग्रामने तीन गोष्टी एकत्र बांधल्या: पैसा ऐपतीप्रमाणे घेतला, अख्खं गाव आत घेतलं, आणि उपचार करणारं रुग्णालय त्याच व्यवस्थेचा भाग ठेवलं.

देशांच्या व्यवस्थाही याच तीन कसोट्यांवर तपासता येतात. जर्मनीत १८८३ मध्ये बिस्मार्कच्या काळात कामगारांचा सक्तीचा विमा सुरू झाला. ब्रिटनने ५ जुलै १९४८ पासून करातून पैसा घालून सरकारी सेवाच उभी केली. तिथे बिल येत नाही, पण शस्त्रक्रियेसाठी रांग मोठी असते. तुम्ही सरकारी सेवेच्या बाजूने उभ्या राहिलात तर हा मुद्दा विरोधी पक्ष मांडणारच, तयारी ठेवा. अमेरिका आरोग्यावर सगळ्यांत जास्त खर्च करते, तरी तिथे कोट्यवधी लोक विम्याबाहेर आहेत. थायलंडचं उदाहरण आपल्याला सर्वांत जवळचं. २००२ मध्ये त्यांनी भेटीला ३० बाथ एवढ्या शुल्कात सगळ्यांना उपचार दिले. पण त्याआधीची काही दशकं त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यात रुग्णालयं बांधण्यात आणि नव्या डॉक्टरांना खेड्यात सक्तीची सेवा करायला लावण्यात घातली होती. योजना मागून आली, दवाखाने आधी.

आपल्याकडचा पहिला आराखडाही तसाच होता. नाशिकला जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला: पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, आणि त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांचं जाळं हवं. आज निकष सपाट भागात ३० हजार लोकसंख्येला आणि आदिवासी-डोंगराळ भागात २० हजारांना एक केंद्र असा आहे.

खासगी विम्याच्या बाजूने बोलायचं तर हे मुद्दे घ्या. दवाखाना निवडता येतो. रुग्णालयांत स्पर्धा राहते. कॅशलेस मंजुरी तासाभरात आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यावी असा विमा नियामकाचा (आयआरडीएआय) २०२४ चा नियम आहे. सरकारी कामात अशी मुदत क्वचित असते. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. ज्यांना परवडतो त्यांनी स्वतःचा खर्च उचलला तर सरकारचा पैसा गरिबांकडे वळेल, हा युक्तिवादही हलका नाही.

आता आमचं मत. विमा बिल भरतो, पण डॉक्टर आणत नाही. विदर्भाच्या खेड्यांचा प्रश्न बिलाच्या आधीचा आहे. ग्रामीण रुग्णालयात सिझेरियन व्हायला स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्त या तीन गोष्टी एकाच वेळी लागतात. दोन आहेत आणि भूलतज्ज्ञ नाही, तर बाई 'रेफर' होते. तिच्याकडे ५ लाखांचं कार्ड असो की १० लाखांची पॉलिसी, भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरच्या पुढेच राहतं. सरकारी कार्डसुद्धा शेवटी विम्याच्याच जातीचं आहे, फक्त हप्ता करातून जातो. रुग्णालयं जिथे आधीच आहेत तिथे ते उत्तम चालतं: नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला. जिथे नाहीत तिथे ते खिशात राहतं.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरसह सेवा मोफत झाली. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात नाहीत, म्हणून नागपूरच्या मेडिकल आणि मेयोत कार्ड नेलेलं बरं. निर्णय चांगला. पण मोफत केसपेपरने रिकामी जागा भरत नाही.

आकडे हवेत तर हे वापरा. देशात आरोग्यावर होणाऱ्या १०० रुपयांच्या खर्चापैकी २०१४-१५ मध्ये ६२ रुपये ६० पैसे लोकांच्या खिशातून जात होते, २०२१-२२ मध्ये ३९ रुपये ४० पैसे. घट मोठी आहे. २०२१-२२ मध्येच आरोग्यावरचा सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं होतं. विरोधक पहिला आकडा सांगतील, तुम्ही दुसरा सांगा. आणि खिशातल्या खर्चाचा मोठा भाग ओपीडी आणि गोळ्यांवर होतो, ज्याला कार्डही लागू नाही आणि साधी पॉलिसीही नाही, हे विसरू नका. तो खर्च फक्त चालू असलेलं आरोग्य केंद्र कमी करू शकतं. बीपी-शुगरच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात. साठा संपला की माणूस मेडिकलवर जातो, आणि पैसे संपले की गोळी सुटते.

प्रश्न : माझ्या भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत. एका घरी मुलाच्या नावाने खासगी विमा काढायचा विचार चालू आहे. काय सांगू? 
— एक आशा कार्यकर्ती, धानोरा तालुका

उत्तर : ताई, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, तेव्हा आधी रिपोर्ट पाहा. 'एएस' असेल तर मुलगा वाहक आहे, रुग्ण नाही. 'एसएस' असेल तर रुग्ण. झटपट सोल्युबिलिटी चाचणी हा फरक सांगत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीचा रिपोर्ट लागतो. अनेक घरी नुसता 'सिकल पॉझिटिव्ह' असा कागद असतो आणि त्यावरून वाहक मुलालाही आजारी धरलं जातं.

रुग्ण असेल तर विमा फॉर्मवर ते लिहावंच लागेल, आणि कंपनी नाकारेल किंवा तीन वर्षं थांबवेल. ते पैसे त्या घराने प्रवासासाठी ठेवावेत. या आजारावरचं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध सरकारी दवाखान्यातून मोफत मिळतं. ते सुरू असताना ठरल्याप्रमाणे रक्ताची तपासणी व्हावी लागते आणि गरोदरपणात ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू ठेवायचं नाही. सरकारी रक्तपेढीत सिकलसेल रुग्णाच्या रक्ताला शुल्क नाही. भरती व्हावं लागलं तर आयुष्मान कार्ड जवळ असू द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, तेव्हा एसएस रुग्णाचं दिव्यांग प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयातून काढून घ्यायला सांगा.

प्रश्न : आई ७४ वर्षांची, वडील ७७. वडील जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक, पेन्शन आहे, रेशनकार्ड पांढरं. त्यांना काही मिळेल का? 
— एक वाचक, तुमसर

उत्तर : मिळेल. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, उत्पन्नाची किंवा पेन्शनची अट नाही. फक्त आधार लागतं. कार्ड दोघांचं वेगळं निघतं, पण ५ लाखांची रक्कम दोघांत मिळून असते. आधीच खासगी पॉलिसी असली तरी चालतं. वय आधारवरचं धरतात, आणि आपल्याकडच्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांच्या आधारवर १ जानेवारी आणि अंदाजे साल टाकलेलं असतं. ते चुकून कमी लागलं असेल तर आधी दुरुस्त करा.

प्रश्न : शेतात साप चावला तर कार्ड घेऊन खासगीत जावं की सरकारीत? 
— एक शेतमजूर, मारेगाव

उत्तर : कार्डाचा विचार नंतर. सर्पविषावरची लस जिथे जवळ आहे तिथे, म्हणजे बहुधा प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयात. ती तिथे मोफत आहे. १०८ ला फोन करा. चावलेला हात-पाय फळी लावून स्थिर ठेवा. आवळून बांधू नका, चिरू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर तीच लस चालते आणि विषबाधेची लक्षणं दिसली की सुरुवातीला साधारण १० कुप्या लागतात. खासगीत याच कुप्यांचं बिल मोठं होतं. मण्यार चावल्यावर दुखत नाही, सूजही येत नाही, पण काही तासांत पापण्या जड होतात आणि श्वास अडतो. पहाटे झोपेतून उठून 'डोळे उघडत नाहीत' म्हणणाऱ्या माणसाला व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी हलवायची तयारी ठेवा.

केसपेपरवर 'सर्पदंश' असं स्पष्ट लिहून घ्या. दुर्दैवाने मृत्यू झाला आणि कुटुंब शेतकऱ्याचं असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख मिळू शकतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जातो. तिथे हाच कागद मागतात, शिवाय पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल. घाईत अंत्यविधी उरकला तर शवविच्छेदन राहून जातं आणि दावा तिथेच संपतो.

प्रश्न : आठवडी बाजारात टेबल लावून ४९९ रुपयांत 'हेल्थ कार्ड' विकत होते, कुटुंबाला २ लाखांपर्यंत लाभ म्हणे. घेऊ का? 
— एक गृहिणी, आर्वी

उत्तर : त्यांना दोनच गोष्टी विचारा: विमा कंपनीचा आयआरडीएआय (विमा नियामक) नोंदणी क्रमांक कोणता आणि पॉलिसीचा यूआयएन, म्हणजे तिचा ओळख क्रमांक, कोणता? खऱ्या पॉलिसीवर दोन्ही छापलेले असतात. नसतील तर ते सवलतीचं कार्ड आहे. ठरावीक लॅबमध्ये आणि दवाखान्यात १०-२० टक्के सूट, तीही समोरच्याने मान्य केली तर. भरतीचं बिल कोणीच भरणार नाही. 'आयुष्मान कार्ड काढून देतो' म्हणून पैसे मागत असतील तर सरळ १४५५५ वर कळवा, कारण ते कार्ड मोफत आहे. आणि अशा टेबलावर आधारची झेरॉक्स किंवा अंगठा देऊ नका.